कडीखालचं अक्षर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सुट्टीत अब्बांकडे दुबईला गेलो की तिथले आमचे गाववाले मला पत्रं वाचायला देत, औषधाच्या बाटल्या दाखवत. येत नाही असं म्हणायची मला लाज वाटे. तेव्हा तिथं अजून रुपयाच चालायचा.

शेजारी खजुरीच्या झावळ्यांच्या घरात खाला राहायची, आईची चुलत बहीण. तिचा नवरा खलाशी. वीस दिवसांत येतो सांगून ते पलीकडच्या किनाऱ्यावर, फुजैऱ्याकडे गेले, पण त्यांचं गलबत पाच महिने परतलं नव्हतं. निघताना त्यांनी एका जहाजावरच्या भटाऱ्याकडून, म्हणजे स्वयंपाक्याकडून, मिळालेला जुना अमेरिकन चांदीचा डॉलर कडी लावून तिच्या गळ्यात घातला होता, आणि मी येईपर्यंत काढू नकोस असं बजावलं होतं.

आमच्या इतिहासाच्या सरांना नाण्यांचा नाद होता. असल्या डॉलरच्या मागं, गरुडाखालच्या पानांच्या हाराखाली, टांकसाळीचं बारीक अक्षर असतं, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स. दोन सी असले तर कार्सन सिटी. ती टांकसाळ फार वर्षं चालली नाही, म्हणून शौकीन तिच्या नाण्याला चांदीच्या कितीतरी पट देतात.

मी खालाचं नाणं उलटून पाहिलं. अमेरिकन नाण्याची मागची बाजू डोकं खाली करून छापलेली असते. कडी नाण्याच्या पुढच्या बाजूवर कोरलेल्या बाईच्या डोक्यावर बसवलेली, म्हणजे मागं ती बरोबर अक्षरावर आली होती. खाली दोन सी निघाले तर नाणं फार महाग जाईल, असं मी तिला सांगितलं.

"कडी काढली तर मला फुजैऱ्याला जाऊन त्यांना शोधण्याइतकं मिळेल?" तिनं विचारलं.

"मिळेल," मी म्हणालो. 'बहुतेक' हा शब्द मी मनातच ठेवला.

मंगळवारी दुपारी आम्ही सोनाराकडे गेलो. बाजारात चिटपाखरू नव्हतं. त्यानं नाणं तापवलं, कडी सुटली. खाली काहीच नव्हतं, गुळगुळीत चांदी. डाग, म्हणजे कडीचा जोड, नीट बसावा म्हणून जागा कानशीनं सपाट करतात, सगळेच करतात, असं तो म्हणाला. आता हे चांदीच्या भावानं जाईल, बाकी खलास.

खाला नाण्याकडे बघतच नव्हती. तिचा हात गळ्याशी होता. तिथं रापलेल्या कातडीवर एक पांढुरका गोल उठला होता.

"हलकं झालं," ती म्हणाली. "ते गेले."

"खाला, नुसतं नाणं आहे ते."

"तू शिकलेला आहेस बाबा. पण वजन मला ठाऊक आहे."

घरी येऊन तिनं हिरव्या बांगड्या फोडल्या, काळी पोत तोडली, पडदा लावला आणि विधवेच्या इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस. मय्यत नाही, खबर नाही, इद्दत कसली, म्हणून अब्बा रागावले. बायकांनी विनवलं. ती उठली नाही. मी रोज पडद्याबाहेर बसत असे. आत माणूस आहे असं वाटतच नसे.

आठव्या दिवशी सकाळी खालू, खालाचा नवरा, आले. सुकलेले, दाढी वाढलेली. डोलकाठी मोडून गलबत महिनोन् महिने अडकलं होतं. पडद्यापाशी उभं राहून त्यांनी हाक मारली.

"कोण?"

त्यांनी आपलं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, तिच्या बापाचं सांगितलं.

आतून आवाज आला, "आवाज त्यांचाच काढता. पण ते गेले. माझी इद्दत मोडू नका."

खालू हसले. "मेलेल्याला भाताची भूक लागते होय गं?"

पडदा आतून घट्ट ओढला गेला. त्यांचं हसू हळूहळू विरलं. ते माझ्याकडे वळले आणि तिला काय झालं ते विचारू लागले. मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी फक्त आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"कडी कोणत्या दिवशी काढली?"

"मंगळवारी. दुपारी."

"मंगळवारी," ते म्हणाले. "त्याच दुपारी मी समुद्रात पडलो होतो, वर कसा आलो ते आठवत नाही." आणि ते भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा तिला हाक मारली नाही.