चौदावा रकाना

विमा विभागात त्यांना सगळे रकानेबुवा म्हणत. रुग्णालय, डॉक्टरकीचं कॉलेज आणि आरोग्यविमा, तिन्ही एकाच धर्मादाय संस्थेची, एकाच आवारात. "लोकांना आजारी पाडायचं खातं तेवढं उघडायचं राहिलंय," असं लिफ्टदादा म्हणायचे. बुवा सातव्या मजल्यावर बसत. ऑपरेशनच्या परवानगीसाठी आलेले अर्ज तपासायचे, रिकामा रकाना दिसला की अर्ज परत. अठ्ठावीस वर्षांत एकही रिकामा रकाना त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. अर्जावर नाव नसे, फक्त क्रमांक आणि फोन. ओळखीपाळखीवर काम होऊ नये म्हणून.

"काय बुवा, आज किती पास, किती नापास?" लिफ्टदादा रोज सकाळी विचारत.

"तुमच्या लिफ्टमध्ये अडकलो नाही तर सांगतो."

वीस वर्षं हेच बोलणं, पण त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

विभागाची एक रीत होती. शुक्रवारी पाच वाजता ज्याच्या टेबलावर अर्ज शिल्लक, त्याचा आकडा साहेबांच्या फळ्यावर लाल खडूनं चढे. परत पाठवलेला अर्ज मात्र निकाली निघाला असं धरत. त्यामुळे शुक्रवारी चारनंतर जो तो अर्जात खोट शोधायला बसे. त्याला 'टेबल पुसणं' म्हणत. बुवांसारखं टेबल कुणाचंच पुसलं जात नसे.

एका सोमवारी लिफ्टदादांनी पास-नापास विचारलं नाही. तिसऱ्या मजल्याशी म्हणाले, "बायकोचा डावा डोळा गेला, बुवा. काचबिंदू होता. ऑपरेशनचा अर्ज परत आला, चौदावा रकाना रिकामा म्हणून. पुन्हा पाठवून मंजुरी येईपर्यंत महिना गेला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर थोडी नजर वाचली असती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या कामात कशाला लुडबुड? आणि चूक आमचीच. अर्ज तिनं भरला होता. रोज ऐकवतो तिला, एक कागद धड भरता येत नाही तुला."

बुवांनी टेबलाशी जाऊन नोंदवही उघडली. डोळ्याचा अर्ज, चौदावा रकाना, शुक्रवार, पाचला दहा कमी. सही त्यांचीच. त्यांना तो कागद आठवला. अक्षर गोल, सुवाच्य होतं. वर फोन नंबरही होता. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत रकाना भरला असता, पण मग पुढची तपासणी पाचच्या आत उरकली नसती आणि तो अर्ज सोमवारपर्यंत टेबलावर राहिला असता.

दुसऱ्या दिवसापासून बुवा जिन्यानं जाऊ लागले. सात मजले. गुडघे कुरकुरत, पाचव्या मजल्यावर कठड्याला धरून उभं राहावं लागे. घरी बायको म्हणाली, "वजन उतरलं, झोप उडाली. त्या जिन्यात काही पुरून ठेवलंय का तुम्ही?"

"व्यायाम गं."

"व्यायाम करणारा माणूस जेवतो तरी."

विभागात मात्र कौतुक झालं. विम्याच्या आरोग्य मोहिमेला चेहरा हवाच होता. बुवांचा हसरा फोटो छापला, खाली 'जिना चढा, निरोगी राहा', आणि पहिला कागद चिकटवला तो लिफ्टमध्ये.

त्या दुपारी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. लिफ्टदादा आतूनच ओरडले, "बुवा, दिवसभर मी तुमचं तोंड बघतो, आणि तुम्ही माझं बघायला तयार नाही! काय चुकलं माझं?"

बुवा आत शिरले. स्वतःच्या फोटोकडे पाठ करून उभे राहिले.

"तुमचं काही चुकलं नाही. तो अर्ज मी परत पाठवला. शुक्रवार होता. टेबल पुसायचं होतं."

लिफ्ट सातव्यावर पोचली. दार उघडलं, मिटलं. लिफ्टदादांनी पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं.

"तीन महिने मी तिला बोलतोय," ते खाली पोचल्यावर म्हणाले. "पाचला माझी पाळी संपते. हे तिला तुम्ही सांगायचं."

दोन खोल्यांचं घर होतं. वहिनी खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होत्या; सुई दिसावी म्हणून मान पार डावीकडे वळवलेली. बुवांनी दारातच, चपला न काढता, सगळं सांगितलं. लिफ्टदादा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वहिनींनी दोरा दातानं तोडला. नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग बुवांकडे.

"बसा. त्या रकान्यात विचारलं होतं, दुसरीकडे कुठे विमा आहे का. नव्हता, म्हणून मी काही लिहिलं नाही. काय लिहायला हवं होतं?"



"काही नाही, वहिनी," बुवा म्हणाले. "एक आडवी रेघ मारली असती तरी चाललं असतं."