पूजेबाहेरचा पाना

फटफटीवरून लांब जायचं तर सोबत कोणती हत्यारं न्यावीत, याचा मी आठ दिवस विचार करत होतो आणि रोज थैली जड होत होती.

पन्नास सालाच्या पुढची ही गोष्ट. लष्कराने मोडीत काढलेली एक फटफटी मी हौसेने घेतली होती. गिरीजच्या आमच्या वाडीत तिचा आवाज आला की केळीतले बगळे उडायचे आणि शेजारची म्हातारी मला दोन शिव्या घालायची. मला दोन्ही आवडायचं.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, वाडा गावाला गेली होती. मुलगी झाली. बारसं नेमकं खंडेनवमीला आलं. आई आणि बहीण एसटीने पुढे गेल्या. दसऱ्यासाठी केळी नि विड्याची पानं रवाना करायची होती, म्हणून बाबा आणि मी मागे राहिलो. वाडी आणि घरची पूजा सोडून बाबा येणार नव्हतेच. मी मात्र सासऱ्यांना कळवून बसलो होतो की फटफटीवरून येतो आणि चारच्या आत पाळण्यापाशी हजर होतो. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, एसटीने या. त्या कार्डामुळे तर मी हट्टालाच पेटलो.

अष्टमीला संध्याकाळी पाचूबंदरचा माझा दोस्त आला. लढाईच्या काळात तो लष्करी वर्कशॉपात फिटर होता. आता घरची होडी सांभाळून लोकांची इंजिनं बघायचा. मी ओटीवर केळीचं पान अंथरून सगळा संसार मांडला: सात पाने, स्क्रूपाना, पक्कड, पेचकस, दोन हातोड्या, छिन्नी, कानस, सायकलची जुनी साखळी आणि वाडीतला कोयता. तो खोकला येईपर्यंत हसला. मग एकेक वस्तू उचलून माझी परीक्षा घ्यायला बसला.

"कोनता पाना कुठं लागतो सांग," तो म्हणाला. "नाय सांगता आलं तर तो घरी."

बहुतेक सगळे घरीच राहिले. उरले दोन पाने, पक्कड, पेचकस, तार, पंक्चरचं सामान, पंप आणि प्लग काढायचा नळीसारखा पाना. ही बया तेल पिते आणि प्लगवर थुंकते, ती वाटेत बसली तर आधी प्लग काढून घास, असं त्याने तीनदा बजावलं. बाबा झोपाळ्यावर बसून हे सगळं ऐकत होते. दोस्त निघाल्यावर ते पान खायला म्हणून बाहेर पडले, आणि मी एक हातोडी गुपचूप थैलीत परत टाकली. हातोडी नसली की मला उघडंवाघडं वाटतं.

नवमीला सकाळी उठून बघतो तर पाटावर कोयते, कुदळ, पहार, आईची विळी, आणि त्यांच्या शेजारी माझी सगळी हत्यारं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यार पुजलं की ते दसऱ्यापर्यंत बसतं. तयार घड असला तरी त्या दिवशी कापत नाहीत. विळीही बसलेली, म्हणून जेवणात न चिरता होईल तेवढंच. हे सगळं ठाऊक असून माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी म्हणालो, बाबा, ही माझ्याबरोबर जायची आहेत.

"जाऊ देत की," बाबा म्हणाले. "पण पुजलेलं हत्यार आज कामाला लावायचं नाही."

माझा पारा चढला. फटफटी काही पंचांग बघून बिघडत नाही, असं मी चढ्या आवाजात सुनावलं. बाबांनी प्रत्येक हत्याराला कुंकू लावलं, वर एकेक झेंडू ठेवला, हात जोडले आणि थैली स्वतः भरून दिली. मी त्यांना नमस्कारही न करता निघालो.

पण सकाळ अशी सुंदर होती की राग पारोळच्या आधीच उतरला. दोन्ही बाजूंना पिकत आलेला भात, रस्त्यावरची पोरं ओरडत मागे धावतायत, आणि पुढे माझी मुलगी, जिला मी अजून पाहिलंही नव्हतं. मी मोठमोठ्याने गात होतो. मला गाता येत नाही.

वज्रेश्वरी ओलांडून अंबाडीच्या अलीकडे चढणीवर फटफटी दोनदा खोकली आणि बसली. बारा वाजून गेले होते. दुखणं ओळखीचं होतं, प्लग. गवतात बसून थैली उघडली. कुंकू लावलेली हत्यारं आणि कोमेजलेले झेंडू दिसले आणि हात पुढे होईना. सकाळी एवढं बोललो होतो, वरून शब्दही मोडायचा? पण चार वाजता पोरीचं नाव ठेवणार आणि बाप अंबाडीत. बाबांची मनात क्षमा मागितली आणि हात घातला. प्लगपाना नव्हता.

आता मात्र मी घाबरलो. सगळं गवतावर ओतलं. अगदी तळाशी, त्या हातोडीखाली, केळीच्या सुक्या सोपटाची एक पुडी निघाली. विड्याच्या पानांची गड्डी बांधताना बाबा मारतात तीच गाठ. आत प्लगपाना, पुसून लखलखीत केलेला, सोबत पॉलिश पेपरचा तुकडा. पान्याला ना कुंकू, ना फूल. त्याची पूजाच केलेली नव्हती. मी रस्त्याच्या कडेला एकटाच हसत सुटलो, आणि हसता हसता रडलो.

साडेतीनला मी सासरच्या दारात होतो. सासऱ्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग माझे काळेकुट्ट हात, आणि स्वतः ऊन पाणी आणून घातलं. बायकोने मुलगी मांडीवर दिली. तिने माझं बोट धरलं आणि तिथेच झोपून गेली. माझ्या थैलीतले झेंडू कुठले ते मी बहिणीला सांगितलं, तेव्हा तिने ते ओवून पाळण्याला बांधले.

दसऱ्याला संध्याकाळी घरी परतलो. बाबांच्या हातावर सोनं ठेवून वाकलो आणि विचारलं, नेमका तोच पाना बाहेर ठेवायचा हे कसं कळलं? मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून त्यांनी विषय बदलला. पोरीचं नाक कुणावर गेलंय, ते सांग म्हणाले.

चार दिवसांनी दोस्त भेटला तेव्हा उलगडा झाला. "तुझे बाबा त्या सांजेला माझ्यामागून चालत आले," तो म्हणाला. "म्हनाले, एकच ठेवायचं तर कोनतं? मी बोललो, प्लगपाना. तर म्हनाले, मला नावानं नाय समजनार, काढून दाखव. मी काटकीनं धुळीत काढला. ते वाकून बघत बसले. मग त्याच काटकीनं शेजारी तसाच त्यांनी काढला, आनि विचारलं, बरोबर आहे ना?"