दुसऱ्या कॉर्नेटचे आठ बार

माझं काम नक्की काय, असं कुणी विचारलं की मी "कम्प्युटरवर टायपिंग" एवढंच सांगते. ते अगदी खोटं नाही. परदेशातली एक छोटी प्रकाशनसंस्था हातानं लिहिलेल्या संगीताची पानं स्कॅन करून मला पाठवते आणि मी ती सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ मांडून परत करते. पाच रेघा, रेघांवर टिंबं, टिंबांना दांड्या. पियानो मी कॉन्व्हेंटमध्ये दहावीपर्यंत शिकले. घरी पियानो कधीच नव्हता. सांगलीत वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्यावरच्या खोलीत मी सकाळी दहाला बसते आणि दिवेलागणीला उठते. तिकडून उत्तर येतं, ‘मिळालं, आभार.’ मी मांडलेलं पान कुणी खरोखर वाजवताना मी तोवर एकदाही ऐकलेलं नव्हतं. कम्प्युटर हेडफोनमध्ये जे वाजवून दाखवतो तेवढंच.

या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ खातात त्या गप्प राहण्याच्या खुणा. त्यांना रेस्ट म्हणतात. एकाच पाच रेघांवर दोन आवाज लिहिलेले असले की वरच्या आवाजाच्या दांड्या वर जातात, खालच्याच्या खाली. जो आवाज गप्प असेल त्याचा रेस्ट त्याच्या त्याच्या बाजूला सरकवायचा असतो. दोघंही गप्प असले तर मध्यावर एकच रेस्ट पुरतो. सॉफ्टवेअर हे सगळं आपल्या मनानं करतं, पण मग एखादा रेस्ट दुसऱ्याच्या सुरावर जाऊन बसतो, एखादा इतका खाली घसरतो की पुढच्या ओळीचा वाटतो. तेव्हा एकेक माउसनं धरून हलवायचा. फारच गर्दी झाली तर खालच्या आवाजाचे रेस्ट लपवून टाकायचे. ते फाइलीत राहतात, कागदावर दिसत नाहीत. पियानोच्या पानात हे चालतं. दोन्ही आवाज एकाच माणसाच्या हातात असतात. त्यातला एक गप्प आहे हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हवालदारकाका दुकानात आले ते बाजरीच्या बियाण्यासाठी. कवठे महांकाळकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, हे मात्र फौजेत गेले आणि पूर्ण नोकरी बँडमध्ये काढली. वडिलांनी बोलता बोलता माझं काहीतरी सांगितलं असणार. मला खाली हाक मारली.

"ही व्हय ती?" काकांनी मला नीट बघून घेतलं. "आवं ताई, तुमी इंग्लिश गाणं लिवता म्हणं."

"लिहीत नाही. उतरवते."

"मग आमचंबी उतरवा की. आमचंबी इंग्लिशच हाय. निस्तं मेंढरांमागं बसून लिवलंय."

वडील मोठ्यानं हसले. मी हात पुढे केला आणि त्यांच्या काखेतली वही घेतली. लांबडी हजेरीची वही होती. पट्टीनं आखलेल्या पाच-पाच रेघा, निळ्या बॉलपेननं टिंबं. पहिलं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य, आणि दुसरं कॉर्नेट, दोन्ही एकाच पाच रेघांवर.

"दोघांचं एकत्र का लिहिलंय?" मी विचारलं.

"एकाच स्टँडम्होरं उभं ऱ्हायलो आमी दोघं, सगळी नोकरी. पयला त्यो, दुसरा मी. कागद एकच."

‘तो’ म्हणजे त्यांचा लोणंदचा दोस्त. फेब्रुवारीत साताऱ्यात बँडमधल्या निवृत्त लोकांचा मेळावा होता, आणि तिथे काकांनी बांधलेला हा संथ मार्च, संचलनाची धून, वाजणार होता. काका स्वतः वाजवू शकत नव्हते. पुढचे दात गेलेले, आणि कवळीवर कॉर्नेट धरत नाही. ते नुसते हातानं ताल देणार होते. पण दोस्त वाजवणार होता. मधले आठ बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेली आठ घरं, तो एकटा वाजवणार होता.

"त्याच्या छातीचं दुखणं झालं," काका म्हणाले. "दोन बारी दवाखान्यात काढलं. आता म्हणतोय, वाजवीन, पर ते आठ बार माझं मी. मागनं कुणी आधार दिला तर तिथंच कॉर्नेट खाली ठेवीन. लय मानी हाय बेणं. ताई, त्या आठ बारांसाठीच हे समदं."

मी मान हलवली. ते आठ बार वहीत कसे लिहिलेत ते मी त्याच रात्री पाहिलं. वर पहिल्याचे सूर, आणि खाली, रेघांच्याही बऱ्याच खाली, दुसऱ्याचे आठ रेस्ट. प्रत्येक घरात एक काळी चपटी पट्टी. नीट, एका ओळीत.

सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्यावर मात्र ते वाईट दिसले. पहिल्याचे सूर त्या जागी बरेच खाली उतरतात, त्यामुळे दुसऱ्याचे रेस्ट आणखी खाली ढकलले गेले आणि ड्रमच्या ओळीला टेकले. मी दोनदा सरकवून पाहिले. मग नेहमी करते तेच केलं. आठही निवडले आणि लपवले. पान एकदम मोकळं झालं. मला बरं वाटल्याचं आठवतं.

पानं छापून दिली तेव्हा काकांनी चष्मा न लावताच त्यांच्यावरून हात फिरवला. "छापील पुस्तकावानी झालं की," म्हणाले, आणि मेळाव्याला या, असा आग्रह केला. मी सहसा कुठे जात नाही. जाईन म्हणाले तेव्हा आईला माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. वडिलांनी विचारलं, "सोबत येऊ का?" मी नको म्हटलं. मला ते एकटीनं ऐकायचं होतं.

साताऱ्यातलं मंगल कार्यालय शोधत पोचले तेव्हा तालीम सुरू व्हायची होती. पन्नास-साठ माणसं, सगळे एकमेकांना ओळखणारे. पोटं सुटलेली, केस रंगवलेले, आणि चेष्टा चाललेली.

"आरं, तुझा ट्रॉम्बोन हाय का पानी तापवायचा बंब?"

"तुझं तोंड बघ आदी. वाऱ्यानं फुगलंय का भाकरीनं?"

मी भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमी कुणाच्या?" मी म्हटलं, "मी कागदाचं काम केलंय." त्यांनी "बरं बरं" म्हणून मान वळवली.

लोणंदचे काका उंच होते आणि आपल्या मापापेक्षा मोठा कोट घातल्यासारखे दिसत होते. पण कोट त्यांचाच असावा, मापच कमी झालं असावं. दुसरं कॉर्नेट वाजवायला साताऱ्याच्याच एका निवृत्त पोलीस बँडवाल्याला आणलं होतं. दोघं एका स्टँडपुढे उभे राहिले. त्यावर माझं पान होतं. हवालदारकाकांनी हात वर केला.

सुरुवात झाली आणि मला हेडफोनमधलं काहीच ओळखू येईना. सूर मी ठेवलेलेच होते, पण त्यांच्या मागे माणसांचा श्वास होता, कुणी किंचित आधी, कुणी किंचित मागे. मी खुर्चीची कड धरून बसले होते. मग ते आठ बार आले. लोणंदच्या काकांनी पहिला सूर लावला. बारीक, जरासा थरथरणारा. आणि त्याच क्षणी त्यांच्या शेजारून तोच सूर दुसऱ्या कॉर्नेटमधून आला. भरदार, गुळगुळीत. त्याच्याखाली पहिला सूर ऐकूच येईना.

दुसऱ्या बारावर लोणंदचे काका थांबले. कॉर्नेट खाली घेतलं. सगळा बँड एकेक करून बंद पडला.

"आधार लावलायस व्हय रं मला?" ते हवालदारकाकांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "सांगितलं हुतं का न्हाई मी?"

"आरं गड्या, न्हाई. मी कशाला..."

"तुझ्याच कागदात हाय न्हवं?"

"मी कागदात हाय तेच वाजवलं," पोलीस बँडवाले गोंधळून म्हणाले. "दोघांचा कागद एकच, आन हितं रेस्ट न्हाई. वाजवू नका, असं कुठं लिवलंय?"

लोणंदचे काका बाहेर निघून गेले. हवालदारकाकांनी खिशातून चष्मा काढला, स्टँडवर वाकून पान पाहिलं. बराच वेळ. मग त्यांनी भिंतीकडे, माझ्याकडे, पाहिलं. मला वाटलं आता ते सगळ्यांसमोर सांगतील. मी तेव्हा काय करणार होते कोण जाणे, बहुधा पिशवी उचलून एसटी स्टँड गाठला असता.

"ऱ्हाऊ द्या," ते बँडवाल्यांना म्हणाले. "माझंच चुकलं आसंल."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणूनच मला पळून जाता येईना. पिशवीत त्यांची वही होती, परत द्यायला आणलेली. ती घेऊन मी बाहेर गेले.

लोणंदचे काका पायरीवर बसून कॉर्नेट फडक्यात गुंडाळत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "लोणंदची गाडी कितीला हाय, ठावं हाय का?"

"नाही." मला माफी मागायची होती. शाळेत इंग्रजीत माफी मागायची सवय झालेली, एका शब्दात आटपते. मराठीत ती कुठून सुरू करायची तेच कळेना. शेवटी मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली. "हे मूळ पान. काकांनी लिहिलेलं. हे खाली आहेत ते दुसऱ्याचे रेस्ट. आठ आहेत. मी... छापताना मी ते लपवले. पान चांगलं दिसावं म्हणून."

त्यांनी वही हातात घेतली. बोट ठेवून एकेक पट्टी मोजली. आठव्यावर बोट थांबलं.

"लपवलं म्हंजी?"

"असतात. फक्त दिसत नाहीत."

"आन ह्याला ठावं न्हवतं?"

"नाही."

"मग आत माझंच चुकलं कशाला म्हणालं त्ये येडं? ऐकलं की मी हितनं."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाले, "पेन हाय का?"

मी पेन दिलं. त्यांनी नाही घेतलं. "मला न्हवं. तू काड. त्या छापील कागदावर."

आत जाऊन मी स्टँडवरच्या पानावर आठ रेस्ट हातानं काढले. रेघांच्या बऱ्याच खाली, ड्रमच्या ओळीला टेकले तरी. ते वाकडेतिकडे आले. सगळे बघत होते. पोलीस बँडवाले म्हणाले, "आता कसं! गप ऱ्हावा म्हनलं की ऱ्हातो आमी. खात्यात दुसरं काय शिकलो?" थोडं हसू झालं. लोणंदचे काका आत आले, पण परत तालीम करायला तयार होईनात. "दम जपून ठिवतो," एवढंच म्हणाले.

जेवणं झाल्यावर मार्च झाला. मी त्याच खुर्चीवर होते. आठ बार आले तेव्हा दुसरं कॉर्नेट खाली गेलं आणि लोणंदचे काका एकटे वाजवू लागले. सूर तसाच बारीक होता, पण आता ऐकू येत होता. पाचव्या बारात तो फाटला. सहावा कसाबसा पुरा झाला. सातव्यात त्यांनी श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. पोलीस बँडवाल्यांचं कॉर्नेट आपोआप ओठांकडे निघालं. त्यांनी हवालदारकाकांकडे पाहिलं. हवालदारकाकांनी ताल देणारा हात चालूच ठेवला आणि मान हलवली, नाही. सातवा बार ड्रमच्या हलक्या काठीवर गेला. आठवाही. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग नवव्या बाराला दुसरं कॉर्नेट बरोबर आलं आणि मागून सगळे.

संपल्यावर टाळ्या, फोटो, मिठ्या. त्या गर्दीत मला दोघा दोस्तांचं एवढंच ऐकू आलं:

"सहा झालं रं."

"झालं की."

"दोन ऱ्हायलं."

मी वही टेबलावर ठेवली आणि कुणाला न सांगता निघाले. निरोप घ्यायला जावं असं मनात होतं, पण त्या घोळक्यात माझी जागा कुठे करायची ते मला समजलं नाही. सांगलीच्या गाडीत खिडकी मिळाली. कराडपर्यंत शेजारची सीट रिकामीच होती.

आठवड्यानं हवालदारकाकांचा फोन आला. पानं दुरुस्त करून हवी होती, पुढच्या साली परत वाजवायची म्हणून. मी म्हटलं, रेस्ट आणलेत परत, आठही.

"आनि एक करा ताई. सातव्या आन आठव्या बारात पयल्याचे सूर काडून टाका. तितं बी रेस्टच घाला. दोगांचाबी."

स्क्रीनवर ते पान उघडंच होतं. दोन घरांतले सूर काढले की दोघांचे रेस्ट सॉफ्टवेअरनं आपोआप मध्यावर आणून एक केले असते. एका मिनिटाचं काम. बघणाऱ्याला वाटलं असतं, ते पहिल्यापासून तसंच होतं.

"त्यांना विचारलंत का?" मी विचारलं.

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. "न्हाई."

"मग नको."

मी गिऱ्हाइकाला असं कधी बोललेले नाही. कुणालाच फारसं नाही. पलीकडे काकांनी एका मेंढराला हाकारलं.

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या त्याचं त्याला."

मी सूर तसेच ठेवले, खाली रेस्ट ठेवले, पान छापलं. लोणंदचा पत्ता काकांनी दिला होता, म्हणून एक प्रत तिकडेही टाकली. तिकडून उत्तर आलं नाही.