दसऱ्याला पुजलेलं बॉम्बर

आमच्या घरात बॉम्बर आलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. नवरा वकील; उभा जन्म अमरावतीच्या कोर्टात बोलण्यात गेला. गेल्या उन्हाळ्यात मेंदूला झटका बसला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही करू द्या, त्यातलंच मोठ्यानं वाचून दाखवा, शब्द परत येतील. आवड काय, तर पहिल्या महायुद्धातली विमानं! मग संत्र्याच्या पेटीच्या फळ्या तासून, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन यांनी जर्मनांच्या अजस्र बॉम्बर विमानाचं मॉडेल करायला घेतलं.

मी शेजारी बसून मोबाइलवरून वाचायची. आधी जर्मन लोक गॅसचे लांबोडके फुगे बॉम्ब टाकायला पाठवत. ते भराभर पेटायला लागले, तसा विमानांवर भर दिला. लाकडाचा सांगाडा, वर कापड. इंजिनं इतकी बेभरवशाची की राक्षसी विमानांत इंजिनाजवळच मेकॅनिक बसायचा, उडता उडता दुरुस्ती करायला.

"आपल्या स्कूटरलेही असा एक बसवा," मी म्हटलं. हे हसले, नुसतेच.

"लोकांच्या घरांवर बॉम्ब टाकाले एवढी अक्कल!" मी मुद्दाम डिवचलं. पूर्वी यावर तासभर युक्तिवाद झाला असता. आता हे मान खाली घालून कागद चिकटवत राहिले. त्या शांततेची मला फार भीती वाटायची.

दसऱ्याला अकोल्याहून धाकटी ननंद आली. विळी, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना तिनं हळदकुंकू वाहिलं आणि कालवलेल्या कुंकवाचं बोट थेट विमानाच्या पंखावर टेकवलं. वर पाण्यातून काढलेलं झेंडूचं फूल.

"वहिनी, शस्त्र बी हेच अन् वाहन बी हेच. याले कसं सोडू?"

पतंगाचाच कागद तो. बघता बघता सुरकुतला, लाल ओघळ पसरला.

"काहून वं ओला हात लावला त्याले? ढिल्ला झाला ना सारा कागद!"

ननंद पाहतच राहिली. हे बोलले होते. न अडखळता, कोर्टातल्या त्याच आवाजात. मला रडूच फुटलं. यांचे ओठ पुढचा शब्द शोधत हलले, आणि पुन्हा मिटले.

ननंद बिचारी माफी मागायला लागली. मी तिच्या हातून कुंकवाची वाटी घेतली, बोट चांगलं बुडवलं आणि दुसऱ्या पंखावर लांबलचक टिळा ओढला.