त्या बसमध्ये कोण होतं

नागपूरजवळच्या बुटीबोरीत एका कापड कारखान्यात मी कापडाचा रंग तपासते. कापड धुवायचं, घासायचं, दिव्याखाली तापवायचं आणि रंग किती उतरला ते बघायचं, हे माझं काम. ते मी चांगलं करते. त्याशिवाय मी गोष्टी लिहिते आणि त्याही आता चांगल्या जमतात. हे वाक्य लिहायची हिंमत यायला बरीच वर्षं गेली, त्यामुळे आता ते खोडणार नाही.

छंद म्हटला की लोकांना वाटतं, फावल्या वेळात आपोआप होत असेल. माझा फावला वेळ म्हणजे सकाळी कंपनीच्या बसमधला प्रवास. संध्याकाळी सगळी बस झोपलेली असते, मीसुद्धा. सकाळी मोबाइलवर अंगठ्याने लिहायचं; खड्डा आला की एका शब्दाचा भलताच शब्द होतो. सुटीचे दिवस लग्नं, बारशी, दळण आणि नळाचा प्लंबर यांत जातात. मग महिनाभराने गोष्ट उघडली की तिच्यातली माणसं ओळखच दाखवत नाहीत. बहिणीशी अबोला धरलेली ही बाई नेमकी कशावरून रुसली होती, ते मलाच आठवत नाही. अशा कितीतरी गोष्टी अर्ध्यावर पडून आहेत.

शिवाय सुरुवातीला मी लिहायचे ती माणसं थंड हवेच्या गावात, बंगल्यात राहायची. शाल पांघरून कॉफी प्यायची आणि पुस्तकात बोलतात तसं बोलायची. मी त्या गावाला कधी गेलेही नव्हते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून मी त्यांना थंडी वाजवत होते.

पण खरी अडचण घरातच होती. ती म्हणजे बाबा.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. आजोबांनी इथेच नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला आणि त्यानंतर आमच्या घरात पुस्तकं आली. बाबांच्या लेखी पुस्तकाचं काम एकच, जे घडलं ते सांगणं. आपल्या माणसांनी काय सोसलं, कसे शिकले, कसे उभे राहिले. त्यांचं कपाट आत्मकथनांनी भरलेलं आहे. माझी एक गोष्ट एका छोट्या दिवाळी अंकात आली, तेव्हा त्यांनी ती चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"हे कोणासंग झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणासंगच नाही बाबा. मी रचलं."

"आपल्यापाशी खरं सांगाले एवढं पडलं आहे, अन् तू खोटं काहून लिहून राहिली वं?"

मला राग आला नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "ठीक आहे, खरं लिहू. तुमचंच लिहिते. सांगा."

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, जणू फोटोच काढायचा आहे. आणि त्यांनी बसची हकिगत सांगायला घेतली. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते.

आई-बाबा तेव्हा वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचे, माझा जन्म व्हायचा होता. कोराडीहून शहराकडे निघालेली बस खच्चून भरलेली. त्यात दिवस भरलेली एक बाई. अर्ध्या रस्त्यात तिला कळा सुरू झाल्या. बाबांनी ओरडून बस थांबवली, सगळ्या पुरुषांना खाली उतरवलं, बसकडे पाठ करून उभं केलं. एका खिडकीला काच नव्हती, तिच्यासमोर त्यांनी आपली काळी छत्री उघडून धरली. रस्त्याने कोळशाचे ट्रक जात होते, छत्रीवर धूळ बसत होती, बाबांचा हात भरून आला होता. आणि मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

मी भराभर टाइप करत होते. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही कुठं होते त्या बसमध्ये?"

बाबा थांबले.

"तुमले त्या दिवशी ताप होता. घरी पांघरूण घेऊन झोपले होते. बसमध्ये मी होती. संध्याकाळी आल्यावर मीच तर सांगितलं तुमले."

बाबांनी चष्मा काढला, उगाच पुसला, परत लावला. "मी नसन," ते हळूच म्हणाले, "पण झालं तर असंच होतं."

"छत्री नव्हती. आम्ही बायांनी पदर धरले होते. अन् बस कुठं थांबली? ड्रायव्हरनं सरळ दवाखान्यात नेली. फाटकात पोरगी झाली."

"मग तू इतके वर्षं बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"ते सांगतात चांगलं. मले कुठं तसं सांगता येते!" आई म्हणाली. मग मेथी निवडता निवडता, "ती बाई सारखी आपली चप्पल शोधत होती. एवढ्या कळा, अन् म्हणे, माझी एक चप्पल कुठं गेली, पहा ना वं."

मी मोबाइल खाली ठेवला आणि हसत सुटले. बाबा आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले. कधीही खोटं न बोलणारा हा माणूस. गोष्ट बरी व्हावी म्हणून त्याने स्वतःला त्या बसमध्ये बसवलं होतं, हातात छत्री दिली होती, छत्रीवर धूळसुद्धा टाकली होती. मला हा नाद कुठून लागला, ते त्या सकाळी कळलं. आणखी एक कळलं. चपलेचं कोणालाही रचून सुचलं नसतं, आणि छत्री कोणीही पाहिलेली नव्हती. मला दोन्ही हव्या होत्या.

मी त्या बाईची गोष्ट लिहायला घेतली. ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, आईलाही माहीत नव्हतं. मी तिला एक धाकटी बहीण दिली. बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला, सासूचं न ऐकता, ती इतवारीच्या बाजाराला निघाली होती. बाबा रोज विचारायचे, कुठवर आलं?

"तिची बहीण तुले कशी माहीत?"

"मले नाही माहीत. मी दिली तिले."

"असं चालते?"

"चालते."

पहिली पानं सगळी फेकून द्यावी लागली. बाई शुद्ध बोलत होती आणि त्यामुळे मेल्यासारखी पडून होती. मग मी तिला आईसारखं बोलू दिलं आणि ती उठून बसली. अख्खा उन्हाळा त्यात गेला. पण ती गोष्ट मी पूर्ण केली, आणि पूर्ण करता येते हे एकदा हाताला कळलं की मागे पडलेल्या अर्ध्या गोष्टींची भीती उरत नाही.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात रविवारी वाचन असतं. तिथे मी ती वाचली. आई-बाबा पुढच्याच सतरंजीवर होते. वाचून झाल्यावर एक निवृत्त शिक्षक उठले. वस्तीत त्यांचा मोठा मान आहे.

"बेटा, त्या बाईचं आडनाव तू कुठंच सांगितलं नाही. ती आपल्यातली आहे का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

"मी ठरवलं नाही, सर. तुम्हाला ती कोण वाटली?"

"मला ती आपलीच वाटली."

"मले तर माझी आत्याच वाटली," मागून एक बाई म्हणाली आणि लोक हसले.

"पण हे घडलेलं आहे की रचलेलं?" सरांनी पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधीच बाबा उभे राहिले. "घडलेलं आहे सर," ते ठासून म्हणाले. "मी स्वतः होतो ना त्या बसमध्ये. छत्री माझीच होती."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मी बाबांना खोटं पाडलं नाही. सरांना एवढंच म्हटलं, "सर, काही घडलेलं आहे, काही रचलेलं. घडलेलं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते तुम्हाला ओळखू आलं नाही, तेवढं मला पुरे." सर हसले आणि वाचनालयासाठी एक प्रत मागून घेऊन गेले.

बाबांचं मत त्या दिवसाने बदललं असं मात्र नाही. आत्मकथन ते आत्मकथन, असं ते अजून म्हणतात, आणि मीही वाद घालत नाही, कारण त्यांच्या कपाटातली पुस्तकं नसती तर मी लिहूच शकले नसते. त्यांच्या पिढीने खरं सांगितलं, म्हणून मला मनातलं रचायची मोकळीक मिळाली, असं मी समजते.

सध्या मी दोन जावांची गोष्ट लिहिते आहे. धाकटी फार बोलते आणि थोरलीला बोलूच देत नाही. सुरुवात पुन्हा पुन्हा बदलून पाहिली, जमलेली नाही. बदलेन अजून. थोरलीपाशी सांगण्यासारखं काहीतरी आहे याची मला खात्री आहे, आणि ते तिच्याकडून काढून घेणं मला येतं.