डागाची बाजू

मंडईत रझिया बागवानला कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत ती आतून नुसती धुमसत होती.

तिच्या नवऱ्याच्या, युसूफच्या, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला होता आणि तो इस्पितळात पडून होता. झडप बदलायची हे ठरलेलंच. प्रश्न होता कधी. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "सहा आठवडे इंजेक्शनं पुरी होऊ देत, मग निवांत करू. मात्र ताप हटला नाही, दम लागायला लागला, तर थांबता येणार नाही."

पण युसूफचा जन्म फळं मांडण्यात गेलेला. पेरूची डागाची बाजू खाली, लाली गिऱ्हाइकाकडे. डॉक्टर यायच्या तासभर आधी तो लपवलेली तापाची गोळी घ्यायचा, भांग पाडायचा आणि तीन उशांना टेकून म्हणायचा, "एकदम झकास, साहेब." ऑपरेशनची धास्ती, दुसरं काय! रात्री आडवं होता येत नव्हतं, ते गिळून टाकायचा.

रझियाने शिकाऊ डॉक्टरला दोनदा सांगितलं, की यांचं अंग तापतं, रात्री आडवं होता येत नाही.

"चार्टवर ताप नाहीये, काकू."

"आजारी कोण आहे? चार्ट की माणूस?"

तो हसला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

बुधवारी तिला गादीखाली गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. मोठे डॉक्टर आले, युसूफ 'झकास' म्हणाला, आणि रझियाने त्याच्या पाठीमागच्या दोन उशा ओढून काढल्या.

"आता म्हणा झकास."

अर्ध्या मिनिटात तो खोकत, धापा टाकत उठून बसला. तिने पाकीट डॉक्टरांच्या हातात ठेवलं. "हे घेतात, म्हणून ताप दिसत नाही. यांनी माल मांडायचा, तुम्ही दोन मिनिटं वरवर बघायचं. उचलून बघितलंत कधी?"

डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. दुपारी सोनोग्राफी झाली. झडप चांगलीच गळत होती.

"उद्या सकाळीच करू. आठवडाभर आधी कळायला हवं होतं."

"आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं," रझिया शिकाऊ डॉक्टरकडे बघत म्हणाली. त्याने मान खाली घातली.

"चारचौघांत लाज काढलीस माझी," युसूफ पुटपुटला.

"काढली. अजून काढीन."

"आणि मी उद्या परत आलोच नाही तर?"

"मग हा राग मी कुणावर काढू? गुपचूप परत यायचं."

संमतीपत्रावर तिने इतक्या जोराने सही केली, की कागद फाटला. नर्सने दुसरा आणून दिला.