शंखाचं तोंड

इब्राहिमभाईंनी बत्तीस वर्षं नगरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या. छापखाना बंद पडला आणि हे गृहस्थ सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून समुद्र छापू लागले. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मुलगी शिफा रत्नागिरीला समुद्री जीवशास्त्र शिकत होती, ती प्रवाळाचे, माशांचे फोटो पाठवी आणि हे ते लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर छापत.

आता तिच्या कॉलेजात शाळकरी पोरांसाठी मत्स्यदालन उघडायचं होतं. दाराशी अब्बांचं शंखाचं चित्र लावू, असा शब्द शिफाने सरांना देऊन टाकला. बारा प्रती हव्या होत्या. एक भिंतीला, उरलेल्या पाहुण्यांना. तीन रंगांचं काम. एक रंग छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून पुढचा. शेवटच्या रंगापर्यंत तुकड्यात फारसं काही उरत नाही, म्हणजे मागे फिरायची सोय नाही.

शिफा अब्बांना आणि चित्रं न्यायला आली तेव्हा बाराही कागद दोरीवर वाळत होते. तिने ते पाहिले, एका कागदाशी वाकली, मग म्हणाली, "मस्त झालेत! चला अब्बा, चारची गाडी आहे."

इब्राहिमभाई कागद उतरवू लागले. फोटो शेजारीच पडला होता. त्यांची नजर एकदा फोटोवर गेली, एकदा कागदावर, पुन्हा फोटोवर. फोटोत शंखाचं तोंड उजवीकडे होतं. कागदावर डावीकडे. बाराच्या बारा.

फोटो होता तसाच त्यांनी तुकड्यावर उतरवला होता, आणि छापताना डावं-उजवं उलटतं. छापखान्यात खिळे उलटेच ढाळून यायचे. उलटं करायचं काम कधी त्यांच्यावर आलंच नव्हतं. माशाने इकडे पाहिलं काय, तिकडे पाहिलं काय, आजवर खपून गेलं होतं.

"शिफा, असा शंख असतो का गं?"

"असतो. लाखात एखादा." तिने घड्याळ पाहिलं. "कोण बघतंय, अब्बा? द्या इकडे."

"पोरं बघतील. तुझे सर बघतील."

"मी शब्द दिलाय! रिकाम्या हाताने जाऊ?" तिचा आवाज चढला. तिने कागद ओढले, यांनी सोडले नाहीत.

"सरांनी विचारलं तर काय सांगशील?"

"माझीच चूक म्हणेन. मी फोटो उलटा पाठवला म्हणेन."

इब्राहिमभाई म्हणाले, "म्हणजे तुला आल्या आल्याच दिसलं होतं."

शिफा खाली बघत म्हणाली, "तुम्ही इतके खुशीत होतात."

त्यांना चुकीपेक्षा ते जास्त लागलं. शाळेत डोळे पुसत जाणारी ही पोर आज बापाची चूक अंगावर घ्यायला निघाली होती. साडेतीन वाजले होते.

"सर मला विचारतील," ते म्हणाले. "फोन लाव त्यांना. मी बोलतो." आणि तिने नंबर शोधेपर्यंत त्यांनी बाराही कागद उभे फाडले.